बाळदम्याची औषधं: पंप, गोळी की सिरप?

(नांदेड आणि लातूर इथे पालकांच्या बैठकांमध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर. दोन्हीकडचे मुद्दे एकत्र केले आहेत.)



सुरुवातीलाच सांगते, मी डॉक्टर नाही. माहेर लातूरचं, इंजिनियरिंग नांदेडला झालं, सासरही नांदेडचं. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे आणि दोन वर्षांचा असल्यापासून त्याची छाती घरघरते. आमच्या कामात रोज एक प्रश्न येतो: दोन पद्धतींपैकी कुठली चांगली, आणि ते कशावरून ठरवलं? तोच प्रश्न मी मुलाच्या औषधांना लावला. मूळ संशोधन वाचलं, जे समजलं नाही ते आमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारलं. त्यातलं जे तुमच्या कामाचं वाटलं ते आज सांगणार आहे. माझं ऐकून घरी जाऊन कुणी औषध सुरू करू नका आणि बंदही करू नका. डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं, तेवढं इथून घेऊन जा.

आपल्या मोहल्ल्यात 'दमा' हा शब्द कुणी घेत नाही. फाइलवर 'ॲलर्जिक ब्राँकायटिस' लिहिलेलं असतं. घरात 'कफ होतो', 'छाती भरते', 'सर्दी लवकर धरते' असं म्हणतात. मुलगी असेल तर जास्तच. तीन वर्षांच्या पोरीला पंप लागला की घरातलं कुणीतरी मोठं माणूस म्हणतं, "किसी को बोलना मत, कल को रिश्ते आएंगे." पोरीच्या लग्नाला अजून वीस वर्षं आहेत आणि तिला आज रात्री झोप लागत नाहीये. शब्द लपवला की औषधही लपवलं जातं. पाहुणे आले की पंप कपाटात जातो आणि सकाळचा डोस राहतो. म्हणून मी आज बाळदमा हाच शब्द वापरणार आहे.

दम्यात श्वासनळ्यांचं दोन तऱ्हेने बिघडतं. नळ्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात, आणि नळ्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते, चिकट स्राव साठतो. साल्ब्युटामॉल आवळलेले स्नायू सैल करतं. पंपातून किंवा वाफेच्या मशीनमधून दिलं की काही मिनिटांत लेकरू मोकळा श्वास घेतं. पण त्याने सूज उतरत नाही, म्हणून चार तासांनी पुन्हा तेच. सूज उतरवणारी औषधं वेगळी असतात, आणि आजचा विषय ती आहेत.

त्याआधी एक अडचण. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला नळीत जोरात फुंकायला सांगून फुप्फुसं मोजता येत नाहीत. त्यामुळे हा दमाच आहे असं छातीठोक सांगणं डॉक्टरांनाही अवघड जातं. सर्दीच्या विषाणूंनीही या वयात छाती घरघरते. अमेरिकेतल्या टक्सन शहरात जन्मापासून मुलांची नोंद ठेवली होती, त्याचे निष्कर्ष १९९५ साली आले. तीन वर्षांच्या आत ज्यांची छाती घरघरली होती, त्यातल्या साधारण साठ टक्के मुलांची घरघर सहाव्या वर्षापर्यंत थांबलेली होती. म्हणजे पुष्कळ लेकरं आपोआप यातून बाहेर पडतात. मग दम्याचा संशय कधी घ्यायचा? सर्दी नसतानाही घरघर होते, हसल्यावर-पळाल्यावर खोकला येतो, रात्री खोकल्याने जाग येते, आई किंवा बापाला दमा आहे, लेकराच्या अंगावर इसब आहे, यातलं काही असेल तेव्हा. आणि ताप, वजन घटणं, आठवडेच्या आठवडे न थांबणारा खोकला असेल तर न्यूमोनिया किंवा टीबीची शक्यता आधी तपासून घ्यावी लागते. ते डॉक्टरांचं काम.

आता औषधं. रोजच्या वापरात सूज उतरवणारे मुख्य पर्याय तीन आहेत. पहिला, रोज सकाळ-संध्याकाळ पंपातून थोडंसं स्टिरॉइड: फ्लुटिकासोन, ब्युडेसोनाइड किंवा बेक्लोमेथासोन. दुसरा, रोज रात्री माँटेलुकास्टची चार मिलिग्रॅमची चघळायची गोळी किंवा पूड. तिसरा, रोज काहीच न देता त्रास होईल तेव्हा साल्ब्युटामॉलच्या जोडीला स्टिरॉइडचा पंप.

या तिघांची समोरासमोर तुलना करणारा अभ्यास अमेरिकेत झाला आणि २०१६ साली छापून आला. त्याचं नाव 'इन्फंट'. एक ते पाच वर्षांच्या आतली ३०० मुलं त्यात घेतली होती. त्याची रचना मला फार आवडली. आम्ही सॉफ्टवेअरमध्ये तुलना करतो तेव्हा काही लोकांना एक रूप दाखवतो, दुसऱ्यांना दुसरं, आणि सरासरी काढतो. इथे तसं केलं नाही. प्रत्येक मुलाला तिन्ही उपचार मिळाले, एकापाठोपाठ एक, प्रत्येकी सोळा आठवडे. क्रम चिठ्ठी टाकल्यासारखा ठरवलेला. जोडीला खोट्या गोळ्या आणि खोटे पंप दिलेले, त्यामुळे सध्या कुठलं औषध खरं चालू आहे हे आईलाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. मग त्याच मुलाचे तिन्ही काळ एकमेकांशी ताडून पाहिले: किती दिवस त्रासाविना गेले, आणि तोंडावाटे स्टिरॉइड द्यावं लागेल असा झटका आला का.

तिन्ही टप्प्यांची पूर्ण माहिती असलेली २३० मुलं होती. त्यातल्या १७० मुलांना, म्हणजे ७४ टक्क्यांना, तीनपैकी एखादा उपचार बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त लागू पडला. या मुलांमध्ये रोजच्या स्टिरॉइड पंपाला सगळ्यात चांगला गुण येण्याची शक्यता सर्वात जास्त होती. पण सगळ्यांना तोच नाही. काही मुलांना माँटेलुकास्टने जास्त बरं वाटलं, काहींना गरजेपुरत्या पंपाने. उरलेल्या चौथ्या हिश्श्याला कुठल्याही दोहोंत फरक पडला नाही.

शेजारणीच्या मुलाला जे लागू पडलं ते आपल्या मुलाला पडेलच असं का धरू नये, हे मला या आकड्यांवरून पटलं. आपल्याकडे औषध असंच फिरतं. "माझ्या भाच्याला या सिरपने एकदम आराम पडला, चिठ्ठीचा फोटो पाठवते." त्या भाच्याचं काही खोटं नसतं. ते लेकरू वेगळं असतं, एवढंच.

आपलं मूल कुठल्या गटातलं, याचा अंदाज आधी बांधता येतो का? बऱ्यापैकी येतो. ज्या मुलांना धूळ, प्राणी, परागकण अशा हवेतल्या गोष्टींची ॲलर्जी होती आणि रक्तात इओसिनोफिल या पेशी मायक्रोलिटरमागे ३०० किंवा त्याहून जास्त होत्या, त्यांना रोजच्या स्टिरॉइड पंपाचा ठळक फायदा झाला. ज्यांच्यात हे काहीच नव्हतं, त्यांच्यात तिन्ही उपचार जवळपास सारखे ठरले. इओसिनोफिल मोजायला मोठी तपासणी लागत नाही. सीबीसी म्हणजे साध्या रक्ततपासणीच्या कागदावर तो आकडा असतो. फक्त आपल्या भागात एक गोष्ट लक्षात ठेवायची: पोटात जंत असले तरी इओसिनोफिल वाढतात. म्हणून आकडा स्वतः वाचून निकाल लावायचा नाही. "डॉक्टरसाहेब, याच्या इओसिनोफिलकडे आणि जंतांकडे एकदा बघता का?" एवढं विचारायचं.

आता भीतीकडे येते, कारण इथे बसलेल्या बहुतेकांच्या मनात तीच आहे. 'स्टिरॉइड' म्हटलं की आपण दचकतो. 'पंपाची सवय लागते', 'एकदा लावला की जन्मभर सुटत नाही'. आणि याच घरातलं लेकरू वर्षातून पाच-सहा वेळा छाती भरली म्हणून प्रेडनिसोलोनचं सिरप, बीटामेथासोनचे थेंब नाहीतर डेक्सामेथासोनचं इंजेक्शन घेऊन येतं. हे तिन्ही स्टिरॉइडच आहेत, आणि ते साऱ्या अंगात जातात. चिठ्ठीवर नाव वेगळं असतं, म्हणून आपल्याला कळत नाही. पंपाचा बोभाटा होतो, चमच्याचा होत नाही.

मात्रा पाहा. बारा किलोच्या लेकराला प्रेडनिसोलोन किलोमागे एक मिलिग्रॅम धरलं तरी दिवसाला बारा मिलिग्रॅम, म्हणजे १२,००० मायक्रोग्रॅम. 'इन्फंट' अभ्यासात रोजच्या पंपाची मात्रा दिवसाला १७६ मायक्रोग्रॅम होती. आता इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की दोन वेगळ्या औषधांची अशी वजनाला वजन तुलना करता येत नाही. फ्लुटिकासोन वजनाच्या मानाने कितीतरी जहाल असतं. पण ते जिथे हवं तिथेच, श्वासनळीच्या अस्तरावर पडतं. जो भाग गिळला जातो, तो यकृतात जवळपास सगळा निकामी होतो, एक टक्काही रक्तात उतरत नाही. फुप्फुसांतून थोडं रक्तात जातंच. म्हणून मात्रा कमीत कमी ठेवायची आणि डॉक्टरांनी दर दोन-तीन महिन्यांनी तपासून ती आणखी उतरवता येते का, ते पाहायचं.

मग पंपाचा तोटा काहीच नाही का? आहे, आणि तो मोजलेला आहे. 'पीक' नावाचा अभ्यास २००६ साली आला. दोन-तीन वर्षांची, पुढे दमा होण्याची दाट शक्यता असलेली २८५ मुलं. काहींना दोन वर्षं रोज फ्लुटिकासोन, काहींना खोटा पंप. औषध घेणाऱ्यांचे दिवस बरे गेले, झटके कमी आले. पण दोन वर्षांच्या शेवटी त्यांची उंची दुसऱ्या गटापेक्षा सरासरी १.१ सेंटिमीटरने कमी भरली. औषध थांबवून एक वर्ष झाल्यावर हा फरक ०.७ सेंटिमीटर राहिला होता. आणखी एक, मला वाटतं जास्त महत्त्वाची गोष्ट: औषध थांबवल्यानंतरच्या वर्षात दोन्ही गटांतला फरक संपला. म्हणजे पंप चालू आहे तोवर त्रास आवरतो, पण दमा मुळातून जात नाही. 'दोन वर्षं पंप घ्या, कायमचा बरा होईल' असं कुणी सांगत असेल तर ते या अभ्यासाला धरून नाही. आणि 'पंपाची सवय लागते' हेही नाही. त्रास परत येतो तो रोगाचा असतो.

एक सेंटिमीटर उंची एका पारड्यात. रात्रीची झोप, ॲडमिट व्हायची वेळ, बुडालेली मजुरी आणि वर्षातले पाच-सहा इंजेक्शनचे कोर्स दुसऱ्यात. माझ्या मुलासाठी मी कुठलं पारडं जड मानलं ते तुम्ही ओळखलं असेल. ज्या लेकराला वर्षात एकदा, तेही सर्दीतच, थोडी घरघर होते, त्याचं पारडं वेगळं असेल.

ज्यांना झटके जोराचे येतात पण मधले महिने अगदी स्वच्छ जातात, अशा मुलांवर २०११ साली 'मिस्ट' हा अभ्यास आला. २७८ मुलं, एक ते साडेचार वर्षांच्या आसपासची. अर्ध्यांना रोज रात्री थोडं ब्युडेसोनाइड वाफेतून, अर्ध्यांना सर्दीची सुरुवात होताच फक्त सात दिवस जास्त मात्रेत. झटक्यांची संख्या दोन्हीकडे जवळपास सारखीच राहिली, आणि दुसऱ्या गटाच्या अंगात वर्षभरात औषध खूप कमी गेलं. तेव्हा 'रोज द्यावंच लागेल का?' हा प्रश्न डॉक्टरांना विचारणं रास्त आहे. पण सात दिवसांची ती मात्रा मोठी असते, ती त्यांनी लिहून दिल्याशिवाय घरी वापरायची नाही.

माँटेलुकास्ट. ही गोळी आपल्याकडे सर्दीच्या गोळीसारखी, लेव्होसेटिरिझिनच्या जोडीने सर्रास लिहिली जाते. चघळायला गोड असते, स्टिरॉइड नाही, म्हणून घरच्यांनाही आवडते. काही मुलांना ती खरंच लागू पडते, हे 'इन्फंट'मध्ये दिसलंच. पण ब्रिटनमध्ये १,३५८ लहान मुलांवर झालेल्या, २०१४ साली छापलेल्या अभ्यासात, सर्दी-घरघरीपुरती अधूनमधून दिल्यावर तिचा स्पष्ट फायदा दिसला नाही. आणि मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिच्या वेष्टनावर सर्वात कडक प्रकारचा इशारा छापायला लावला: वाईट स्वप्नं, चिडचिड, आक्रमकपणा, उदासी, मोठ्या मुलांत आत्महत्येचे विचार. सगळ्यांना होत नाही. माझ्या मुलाला झालं. गोळी सुरू केल्यावर दुसऱ्या आठवड्यात तो रात्री किंचाळून उठायला लागला. सासूबाईंना वाटलं नजर लागली. मी रोजची नोंद ठेवत होते, त्यात तारीख दिसत होती. वही डॉक्टरांना दाखवली, त्यांनी गोळी थांबवली, आठवड्याभरात रात्री शांत झाल्या. गोळी लिहून देताना हे आईबापांना सांगायला अर्धं मिनिट लागतं, आणि ते सांगितलं जावं, अशी आपण अपेक्षा ठेवायला हवी.

तोंडावाटे स्टिरॉइड सरसकट वाईट, असंही मी म्हणत नाही. इंग्लंडमध्ये सर्दीमुळे घरघर होऊन इस्पितळात आलेल्या ६८७ मुलांना प्रेडनिसोलोन देऊन पाहिलं, २००९ साली निष्कर्ष आला की इस्पितळातले तास त्याने फारसे कमी होत नाहीत. पुढे २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये काही मुलांना फायदा दिसला. तज्ज्ञांमध्ये यावर वाद आहे. जोराच्या झटक्यात मात्र ते जीव वाचवतं. बरगड्यांमध्ये खड्डे पडतायत, लेकरू बोलू शकत नाही, दूध-पाणी घेत नाही, ओठ निळसर झालेत, सुस्त पडलंय: अशा वेळी साल्ब्युटामॉलचा पंप देत देत थेट मोठं इस्पितळ गाठायचं. नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय आहे, लातूरला विलासराव देशमुख वैद्यकीय संस्थेचं. तिथे डॉक्टर स्टिरॉइड देतील तर वाद घालायचा नाही.

खोकल्याच्या सिरपबद्दल एवढंच सांगते की त्याने दम्याची सूज उतरत नाही. २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी सिरपने लहान लेकरं गेली, काहींना नागपूरला आणलं होतं, ते तुम्ही वाचलंय. त्यानंतर केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने पुन्हा सांगितलं: दोन वर्षांच्या आत ही सिरपं द्यायची नाहीत, पाच वर्षांच्या आत सहसा नाहीत.

आणि मृगाचा मासा. आपलं हैदराबादशी जुनं नातं, त्यामुळे जून आला की कुणी ना कुणी निघतंच. नामपल्लीच्या मैदानावर बत्तिनी कुटुंब जिवंत मुरल माशाच्या तोंडात औषध भरून गिळायला देतं. पैसे घेत नाहीत, जात-धर्म पाहत नाहीत, लोकांची श्रद्धा आहे. मला त्यांची टिंगल करायची नाही. पण त्या औषधात काय आहे ते गुप्त आहे, आणि जे गुप्त आहे त्याची तुलना कशाशीच करता येत नाही. तीन वर्षांच्या धापा टाकणाऱ्या लेकराच्या घशात जिवंत मासा घालणं मला तरी धोक्याचं वाटतं. मोठ्यांनी जायचं तर जावं, चालू पंप मात्र बंद करू नये.

औषध कुठलंही निवडा, ते पोचलं नाही तर सगळी तुलना फुकट. पंप थेट तोंडात धरून दाबला की या वयात बहुतेक औषध घशातच चिकटतं. स्पेसर, म्हणजे मधली प्लास्टिकची नळी, लागतोच, आणि चार वर्षांच्या आत त्याला मास्कही. पंप हलवायचा, मास्क नाका-तोंडावर घट्ट बसवायचा, एकदा दाबायचं, पाच-सहा श्वास होऊ द्यायचे. दुसरा डोस असेल तर पुन्हा हलवून तसंच. नंतर तोंड धुवायचं, मास्कखालचा चेहरा पुसायचा. लेकरू रडत असेल तर औषध नीट आत जात नाही, म्हणून मी मुलाला आधी त्याच्या अस्वलाला पंप द्यायला सांगते. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळवायचा, फडक्याने घासायचा नाही. घासला की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतींना चिकटतं. स्पेसर परवडत नसेल तर ऐका: दक्षिण आफ्रिकेत १९९९ साली पाच वर्षांपुढच्या मुलांवर तुलना झाली होती. अर्ध्या लिटरची रिकामी प्लास्टिकची बाटली, बुडाला पंपाच्या मापाचं भोक, बाजूची फट नीट बंद केलेली. ती विकतच्या स्पेसरइतकीच चालली.

घरातला धूर वेगळा सांगायला हवा का? जुमेरातचा लोबान, अगरबत्ती, मच्छरची कॉइल, अब्बांची बिडी, चूल. लातूरकडे त्यात डाळमिलची आणि सोयाबीन मळणीची धूळ. लोबान अंगणात लावा, बिडी दाराबाहेर. खोलीत धूर आणि तोंडात पंप, असं चालत नाही.

आता आपल्या चळवळीचं काम. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणं अपेक्षित आहे, आणि ज्या आजारांसाठी त्यांनी मुलं तपासायची त्या यादीत श्वासनळीचा हा आजारही आहे. आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीत पथक कधी आलं, घरघर असलेली किती मुलं सापडली, त्यांना पुढे कुठे पाठवलं? हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. ब्युडेसोनाइड आणि साल्ब्युटामॉल दोन्ही राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. मग आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते पंप आहेत का, मास्कवाला स्पेसर आहे का, हेही विचारायचं. देगलूर नाक्याच्या आणि लातूरच्या साथींनी दोन-दोन केंद्रं वाटून घ्यावीत, तोंडी उत्तरावर न थांबता लेखी घ्यावं, आणि महिन्याने सगळ्यांनी आपापले कागद घेऊन बसावं. अर्जाचा मराठी मसुदा मी केलाय, उर्दू जाणणाऱ्या कुणीतरी तो उर्दूत करून द्यावा.

नोंदवहीचे छापील कागदही दाराजवळ ठेवलेत. तारीख, रात्री खोकला होता का, साल्ब्युटामॉल किती वेळा लागलं, कुठलं औषध चालू, वागण्यात काही बदल. पाच रकाने आहेत, रोज एक मिनिट लागतं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी फुलीची सोय आहे. स्पेसर आणि एक रिकामा पंप इथे टेबलावर आहे. खाला, आधी तुम्ही या, हातात घेऊन बघा. बाकीच्यांनी तोवर प्रश्न विचारा.